जखिणीचा उजवा गाल

कपिलधार,
कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १८५१

दोस्त हैदर,

माझं सगळं फिरलं ते काल दिवेलागणीनंतर, अंतरपाट खाली पडला त्या क्षणी. खऱ्या लग्नातला नव्हे, बायस्कोपच्या पडद्यावरचा. नवरीच्या वेषातली जखीण समोर आली, गालावरचा भाजल्याचा डाग दिसला आणि पडद्यामागं बसलेल्या बायकांतून एकजण ओरडली, "अगं बया! ही तर बीडच्या पेशकाराची विमल!"

बायका हसल्या. पण सगळ्या हसल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात घण पडताहेत.

कॉलेज सोडल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, तू चिडला असशील बे. ऐक आता. विमलचं चकलांब्याच्या बद्रीनाथाशी जमतंय हे कळलं त्या दिवशी वर्गातून उठलो तो थेट बीड गाठलं. कचेरीतल्या त्या पेशकाराच्या, सुंदररावमामांच्या ओसरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, मामा, मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. आईचे ते चुलत भाऊ, सख्खे नव्हेत, कबूल. पण त्यांच्याच माडीवर राहून मी मॅट्रिक झालो, विमलला बाराखडी मी शिकवली. मामा पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "कालेज सोडून आलास? मग आता बायकूला काय खाऊ घालतो, हक्क?" आत कुणीतरी हसलं. मामी हसली की विमल, ते कळलं नाही. विमल हसली असेल तर ती माझ्या बाजूनं हसली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तिथून निघालो तो वाहेदभाईंच्या बायस्कोपच्या तंबूत येऊन पडलो. आता जत्रेसाठी कपिलधारला आहोत. माझं काम पाट्या वाचायचं. चित्रात कुणी बोललं की मधे अक्षरांची पाटी येते ना, ती. पडदा तंबूच्या मधोमध असतो, पुढं बाप्ये आणि मागं बायका. पाण्यानं भिजवला की चित्र आरपार दिसतं. बायकांना ते उलटं दिसतं एवढंच, डावं ते उजवं होतं. अक्षरंही उलटी, पण वाचता येतंय कुणाला? मी कडेला उभा राहून दोन्हीकडं ऐकू जाईल असं ओरडतो, आधी मराठीत, मग दखनीत.

सध्या चालू आहे 'जखिणीचं लग्न'. आपण औरंगाबादेत पाहिलेल्या 'डोहातल्या जखिणी'चा हा दुसरा भाग. तू सीताफळांची गाडी घेऊन आलतास आणि चित्र संपल्यावर अंधारात लघवीला जायला तयार नव्हतास, आठवतं? त्यात जखीण कितीदा दिसली? अगदी शेवटी, एकदा. बाकी सगळं चित्र म्हणजे काळं पाणी, काठावरची ओली पावलं आणि एका म्हशीचे डोळे. ती जखीण एका बाप्यानं केलती, पण तो नुसता उभा राहिला तरी माझी मान आखडली. दुसऱ्या भागात ती घडीघडीला येते. उडते, तेव्हा तार दिसते. दात तर एवढे, की पुढची माणसं शेंगा फोडत म्हणतात, "मावशी, भाकर खाया ये." जखमेवर फुंकर घालावी तसं सारखं संगीत. मी पेटीवाल्याला सांगून दमलो की बाबा, गप बस, भीतीला जागा दे.

पण एक गोष्ट दुसऱ्या भागात भारी आहे. पहिल्याच्या शेवटी नायकानं जळतं कोलीत तिच्या तोंडावर फेकलं होतं. त्या डागासकट ती बाईचं रूप घेऊन चांगल्या घरात सून म्हणून शिरते. अंतरपाट पडतो, डाग दिसतो. बाप्यांना तो डाव्या गालावर दिसतो आणि बायकांना उजव्या.

विमलच्या उजव्या गालावर लहानपणी कढईतलं तेल उडालेलं. चिंचोक्याएवढा डाग. तो तिला किती शोभतो, हे तुला सांगून काय उपयोग?

तिकडचं सगळं कळव.

तुझा
बंकट

*

बीड,
कार्तिक शुद्ध चतुर्दशी

बंकट,

तुझं पत्र आमच्या फळांच्या गाडीवाल्यानं आणलं, त्याच्याच हाती हे पाठवतो. जिवंत आहेस, बरं वाटलं. बाकी काही बरं वाटलं नाही.

मी दुसरा भाग पाहिला नाही, पण तू लिहिलंस त्यावरून तो मला पहिल्यापेक्षा वाईट वाटतो, आणि तारेमुळं नाही. पहिल्या जखिणीपासून वाचायचं तर माणसानं डोहाकडं जाऊ नये, झालं. ही तर घरात शिरते. हे बघून घरी गेलेला माणूस कुणाकडं बघणार? सुनेकडंच बघणार. खुदा के वास्ते, विमलचं नाव पुन्हा कुणी घेतलं तर तिथल्या तिथं हसून उडव. तू पडद्याच्या कडेला उभा असतोस, तुझं ऐकतील.

इकडं लगीनघाई आहे. आमच्या भिंतीपलीकडं, तुझ्या मामांच्या घरात, दिवसभर पापडांची लाटणी वाजतात. तुझ्या मामी, सारजाबाई, अम्मीला सांगत होत्या की चकलांब्याची बायनाबाई, म्हणजे बद्रीनाथची आई, पौर्णिमेला जावांना घेऊन कपिलधारला दर्शनाला येणार आणि तिथून बीडला सुपारी फोडायला. विमल अम्मीजवळ बसून टिपा घालत होती. खूश दिसली. तुला हे लिहू नये असं वाटत होतं, पण तू उगा आस लावून बसू नयेस म्हणून लिहिलं. सोड तिचा नाद. कॉलेजात परत जा. तुझ्यासारखं डोकं आमच्यात कुणाचं न्हाई.

हैदर

*

कपिलधार,
कार्तिक वद्य प्रतिपदा

हैदर,

खूश दिसली म्हणे! टिपा घालताना मान खाली असते, तोंड कुणाला दिसतं रे? तुझ्या पत्रातली ती एक ओळ मी वाचली आणि बाकीचं पत्र चुलीत घातलं. तरी तुझे उपकार मानतो, कारण बायनाबाई कधी येणार ते तूच सांगितलंस.

आली काल. दर्शन करून, ओल्या लुगड्यानं, जावांसकट. मी दारातच ओळखली. नाकात एवढी मोठी नथ आणि आवाज कोतवालासारखा. "आमाला म्होरं बसवा रं, मला लांबचं दिसत न्हाई." वाहेदभाईनं पडद्यामागं अगदी पुढं बसवली.

अंतरपाट पडला. पाटीवर लिहिलं होतं, "कोलिताचा डाग लपेल कसा?" एवढंच. मी वाचलं, "कढईतलं तेल उडालं म्हणून सांगते, पण डाग हाय कोलिताचा! कचेरीतल्या पेशकाराच्या पोटी जलम घेऊन आलीय! सासूबाई, डोळे उघडा, सून वळखा!"

हैदर, पहिल्या भागाला बायका डोळे झाकत होत्या. काल एकीनंही झाकले नाहीत. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "विमल." मग दुसरी. पडद्याच्या त्या बाजूनं ते नाव गवतातून विस्तव जावा तसं गेलं. बायनाबाई उठून उभी राहिली आणि जखीण तिच्या पाठीआड गेली. "बंद कर रं त्ये!" ती ओरडली. "माझ्या पोराला खाया निगाली व्हय, रांड!" जावांनी तिला धरून बाहेर नेली. बाहेर ती भडाभडा ओकली.

वाहेदभाईनं माझा कान धरला. "अबे, पाटी पे ये किधर लिखा था?"

मी म्हणालो, "वाचणारा मी हाय का तुमी?"

त्यानं कान सोडला. सोडणारच. बायकांनी पुन्हा दाखवायला लावलं, आणि तंबूबाहेर ही गर्दी. ज्या चित्राला लोक शेंगा खात हसत होते, ते आता थरथरत बघतात. करणाऱ्यांना दुसऱ्या भागात जे जमलं नाही, ते मी एका वाक्यात जमवलं.

आता लग्न मोडेल. मोडल्याबरोबर कळव.

बंकट

*

बीड,
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

बंकट,

मोडलं. बायनाबाईनं बीडला पाऊलही टाकलं नाही. सुपारी आणि लुगडं एका बलुत्याच्या हाती परत पाठवलं, आणि वर निरोप, "तुमची तुमच्यातच ठेवा, आमच्या घरात तरणी मानसं हायती."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला शिव्या घालून गप बसलो असतो. विमल पाण्याला गेली तर बायकांनी आडावरून घागरी उचलल्या. शेजारचं वासरू मेलं, ते तिच्यावर. मामांच्या हातून कचेरीत कुणी पाण्याचा पेला घेत नाही. परवा भावकी ओसरीवर जमली आणि उठताना ठरलं की आसारामला बोलवायचं. तो भगत. तुला माहीत आहे तो कसा आहे. सध्या लिंबं आणि धूर चाललाय. विमलला मागच्या खोलीत ठेवलीय. अम्मी भेटायला गेली तर मामी रडत म्हणाल्या, "अजमतबी, नगं येऊस, तुला पन लागंल."

तू ये. ओसरीवर उभा राहा आणि सांग की पाटीवर ते नव्हतं, मी माझ्या मनचं वाचलं. चार जोडे खाशील. खा.

हैदर

*

दिंद्रुड,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

हैदर,

मोडलं! तुझा तो पहिला शब्द मी दहादा वाचला.

आता तू घाई करू नकोस. लिंबाच्या फोडींनी कोण मेलंय? आसाराम दोन कोंबड्या खाईल आणि निघाली म्हणून सांगेल. मी आत्ता येऊन कबूल केलं तर काय होईल? चकलांब्याचे पुन्हा सुपारी घेऊन येतील आणि मी जोडे खात उभा. त्यापेक्षा मामांना अजून थोडे दिवस कळू दे, की या पोरीला आता कुणी दारात उभं करत नाही. मग ते स्वतः येतील. "बंकट, तूच रे बाबा." त्या दिवशी मी पान खात बसणार आहे, आणि मानही वर करणार नाही.

आणि विमलनंही थोडं सोसू दे. मी तिच्यासाठी वर्ष सोडलं, घरी आप्पांनी माझं नाव टाकलं, तिनं काय सोडलं?

तंबू आता आमच्याच दिंद्रुडला लागलाय, पण मी त्यातच झोपतो, घरी नाही. वाहेदभाई मुंबईहून खबर घेऊन आलाय, तिसरा भाग निघतोय. म्हणजे या वेळी जखिणीला लेकरं होणार. पहिल्यात एकदा दिसली, दुसऱ्यात घडीघडीला, तिसऱ्यात ती पडद्यातून उतरून तिकिटं फाडेल.

बंकट

*

बीड,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

बंकट,

तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. मधेच थांबलो, पण तिनं पुढचं वाचायला लावलं. मग ती उठून नमाजाला बसली आणि माझ्याशी बोलत नाही, कावून की मी तुझा दोस्त.

तर ऐक. लिंबं संपली. आसारामनं खोलीचं दार लावून आत मिरच्या जाळल्या. भिंतीपलीकडं आम्हाला खोकला येत होता. मग विमलचे केस कापले. तिला विचारायचा, "कोन हायस?" ती म्हणायची, "विमल." की मारायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "जखीण." तेव्हा भावकीनं सुटकेचा श्वास टाकला.

काल त्यानं चिमटा तापवून तिच्या डाव्या गालाला लावला. त्याचं म्हणणं, उजव्या गालानं आत आली ती डाव्या गालानं भाईर काढायची. मामींनी तिचे पाय धरले होते. मामा कचेरीत होते.

तो अमावस्येपर्यंत येत राहणार आहे. तू आता आला नाहीस, तर मला पत्र लिहू नकोस.

हैदर

*

दिंद्रुड,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

हैदर,

निघालो. वाहेदभाईला तंबूसकट आणतो, त्याच्या पाया पडलो. आसारामचे हात मोडतो.

नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, म्हणून मी काय करणार ते ऐक. बायकांना या वेळी पडद्यापुढं बसवीन, बाप्यांच्या जागेवर. डाग डाव्या गालावर दिसेल. मग विचारीन, बायांनो, विमलचा डाग कुठल्या गालावर? बोलती बंद. भावकीला बोलाव, मामांना आण. बायका पडद्यापुढं बसायला लाजतील, तुझ्या अम्मीनं आधी बसावं.

बंकट

*

बीड,
मार्गशीर्ष वद्य नवमी

बंकट,

तू न सांगता गाव सोडलंस. वाहेदभाईकडून कळलं की तू दिंद्रुडच्या गाडीत बसलास, म्हणून तिथंच लिहितो.

तंबूतलं मला डोळ्यांपुढून हलत नाही. तू भर सभेत म्हणालास, "मी खोटं वाचलं, मला विमल पाहिजे हुती म्हणून वाचलं." तेव्हा मला वाटलं, शाबास, हा माझा दोस्त. बाप्यांनी शिव्या घातल्या, तू खाली मान घालून उभा राहिलास. मग अंतरपाट पडला, जखिणीचा डावा गाल भाजलेला दिसला, आणि तू हात वर करून विचारलंस, "आता सांगा, कुठल्या गालावर हाय?" आणि सगळ्यांत मागून ती म्हातारी म्हणाली, "मग? तिच्या डाव्या गालाला न्हाई का? परवाच तर डागलंय."

तुझ्या तोंडाकडं मी तेव्हा पाहिलं. चिमटा कुठल्या गालाला लावला ते मीच तुला लिहिलं होतं, तुझा बेत मीच गावभर सांगितला होता, आणि आपल्या दोघांच्या टाळक्यात हे आलं नाही! "हिकडून बी तीच, तिकडून बी तीच," बायका म्हणत होत्या. "बघा, कशी दोन्हीकडून दावती."

मग सुंदररावांनी गर्दीतून येऊन तुझा हात धरला आणि तुला घरी घेऊन गेले. मला वाटलं, निदान एक माणूस तरी पटला. मी बाहेर थांबणार होतो, पण तंबूपाशी मारामारी लागली आणि वाहेदभाईला सोडवायला गेलो.

रात्री भिंतीपलीकडून पुन्हा ओरडणं ऐकू आलं. आसारामचा आवाज होता. तू तर तिला सोडवायला गेलतास ना? त्या घरात काय झालं, लिही. मला तेवढंच पाहिजे.

हैदर

*

दिंद्रुड,
मार्गशीर्ष वद्य एकादशी

हैदर,

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर मी हे देवालाही सांगितलं नसतं.

मामांनी घरापर्यंत माझं मनगट सोडलं नाही. घरात आल्यावर त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि म्हणाले, "तू म्हंतोस ती जखीण न्हाई."

"न्हाई मामा. शपथ घेतो."

"शपथ नगं. घिऊन जा."

मला कळेना.

"आत्ता घिऊन जा तिला. बैलगाडी मागच्या दारी जुपलेली हाय. बँड नगं, भटजी नगं, कपिलधारला जाऊन हार घाल. तुझा हक्क हाय म्हणालास ना? हा घे तुझा हक्क." मग त्यांचा आवाज फुटला. "आसाराम जेवून यायलाय, बंकट. त्यो आज डोळ्याला हात लावनार हाय."

मामी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी पदराची झोळी करून माझ्यापुढं धरली. जी बाई माझ्यावर हसली होती असं मी समजत होतो, ती.

मी मागच्या खोलीत गेलो. हैदर, हेच मागायला मी कॉलेज सोडलं होतं. बापानं स्वतः हात धरून आणलं, आई पदर पसरून बसलेली, गाडी जुंपलेली. मला फक्त "चल" म्हणायचं होतं.

विमल भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर गाठोडं होतं, म्हणजे तिला आधीच सांगितलेलं. डोकं बोडकं, मधे मधे कापलेलं, जखमा. दिव्याचा उजेड पडला तशी तिनं तोंड वर केलं. दोन्ही गाल. डावा अजून ओला होता.

ती हळू आवाजात म्हणाली, "बंकटदादा, आलात. चला."

दादा म्हणाली. मी चार वर्षं तिच्या घरात राहिलो, तेव्हाही दादाच म्हणायची, पण तेव्हा मला त्याचा अर्थ वेगळा वाटायचा.

"तुला कळलंय का, मी काय केलं ते?" मी विचारलं.

"हां. भाईर बोलत हुते सगळे." ती उठायला लागली, भिंतीला धरून. "त्याचं काय ते मागून बघू. त्यो यायच्या आत चला."

तिनं माझा हात धरायला हात पुढं केला. बोटं काळी होती, मिरचीच्या धुरानं की कशानं. मी मागं सरलो. ठरवून नाही. अंगच सरलं. मला पक्कं ठाऊक आहे की ती जखीण नाही, जगात दुसऱ्या कुणाला नसेल एवढं मला ठाऊक आहे. तरी त्या खोलीत मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा वाईट म्हणजे किळस आली. माझ्या डोक्यात जी विमल होती तिला चिंचोक्याएवढा एकच डाग होता. ही कुणीतरी दुसरीच होती आणि तिला घेऊन मला जन्म काढायचा होता. दिंद्रुडला आणली असती तर आप्पा काय म्हणाले असते, आडावर बायका काय म्हणाल्या असत्या, सगळं एका क्षणात दिसलं.

मी म्हणालो, "उद्या येतो. नीट गाडी करून येतो, छप्पराची. कुणी बघणार न्हाई अशी."

"उद्या कावून? गाडी हाय की दारात."

"घरी सांगून येतो. तयारी करतो."

"बंकटदादा, आज न्या. मी गोठ्यात राहीन. बायकू नगा म्हणू, कामाला ठेवा."

मी म्हणालो, "उद्या, विमल. शब्द."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग ती खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. रडली नाही. तिनं आतलं लुगडं काढलं आणि घडी घालून पुन्हा फळीवर ठेवलं. एकदा तरी तिनं मला शिवी द्यायची होती. मी तेवढ्यासाठी थांबलो होतो, खरंच.

बाहेर अंगणात आसारामच्या चिमट्याच्या कड्या वाजल्या. मामी चुलीपाशी मोठ्यानं रडायला लागल्या. मामा खोलीच्या तोंडाशी आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्यामागं कुणी येत नाही हे पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते पुन्हा पेशकार झाले. कोरड्या आवाजात म्हणाले, "निघालास? मग जाताना कडी लावून जा. ती मधेच पळती."

विमल आतून म्हणाली, "न्हाई पळत."

मी बाहेर पडलो, दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

बंकट